सेटची शिट्टी

आमच्या घरात दुपारी चार ते सव्वाचार कोणी बोलायचं नाही, असा कायदा होता. दूधवाला फाटकाशी मुकाट उभा राहायचा, आई खलबत्ता बाजूला सारायची, आणि समोरच्या काकूंनासुद्धा मालूम होतं की या वेळात हाक मारली तर या घरातून ओ यायची नाही. नव्या माणसाला वाटायचं, घरात कोणी आजारी आहे नाहीतर कसला जप चाललाय. जप कुठला! बाबा आणि मी मधल्या खोलीत कानाला हेडफोन लावून, मांडीवर ग्राफपेपर घेऊन, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून येणारा एक आवाज पेन्सिलीनं उतरवत बसलेलो असायचो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. मैत्रिणी मॅटिनीला जायच्या, राजवाड्यावर बांगड्या घ्यायला फिरायच्या, आणि मी चार वाजायच्या आत घरी पोचायला सायकल हाणत असायचे. कोणी म्हणालं, नंदा, तुझं डोकं फिरलंय, तर मी म्हणायची, हाव, फिरलंय, तुझं काय जातंय? माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, आता वयानं त्यात काही साखर पडलेली नाही.

बाबा सरकारी वायरलेस खात्यातून रिटायर झाले होते. आमच्या घरातले आजोबा-पणजोबा होळकरांच्या कचेरीत कलम घासत आले; बाबांनी कलमेऐवजी कान घासले, असं आई म्हणायची. उभी नोकरी त्यांनी हेडफोन चढवून मोर्स उतरवण्यात काढली. रिटायर झाल्यावर इंदूरला सुदामा नगरात घर बांधलं, आणि घराची फरशी नीट वाळतेय न वाळतेय तोच कबाड्याकडून लष्कराचा एक जुना रिसीव्हर उचलून आणला. चार माणसं लागली आणायला. आईनं जी जागा फ्रिजसाठी ठेवली होती तिथे तो बसला आणि मग तिथून हलला नाही. फ्रिज पुढे कितीतरी वर्षांनी आला, तोही बिचारा पॅसेजमध्ये. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून एका उंच बांबूपर्यंत तांब्याची तार ताणलेली होती. तो बांबू देपालपूरच्या माझ्या मामाच्या शेतातला, आमच्या वर्षाच्या गव्हाबरोबर पोत्यांवर आडवा पडून आलेला. आई त्या तारेवर कपडे वाळत घालायला एकदाच गेली. त्या दिवशी बाबा तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

रिसीव्हरला आमच्याकडे ‘सेट’ म्हणत. सेटवर शॉर्टवेव्हची सगळी दुनिया यायची, बातम्या, गाणी, कुठल्या कुठल्या भाषेतली भाषणं. पण बाबांना बोलणाऱ्या स्टेशनांत काही रस नव्हता. एकदा डायल फिरवता फिरवता त्यांना हा आवाज सापडला. ना गाणं, ना माणूस, ना नाव, ना गाव. एक सूर चालू व्हायचा, थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा. कधी अर्धा सेकंद, कधी दोन सेकंद. जवळपास बारा मिनिटं हे चालायचं आणि एकदम बंद. रोज चार वाजता. मोर्स नव्हता तो, मोर्स असता तर बाबांनी झोपेत उतरवला असता. तीन दिवस त्यांनी नुसतं ऐकलं. आमच्या गल्लीत ज्याला त्याला आपलं मत होतं. दूधवाल्याच्या मते ते पाकिस्तान, समोरच्या काकांच्या मते पाणबुडी, आणि माझी एक मैत्रीण तर म्हणाली की चंद्रावरून येत असेल. बाबांनी कोणाचंच खोडून काढलं नाही. ते मला म्हणाले, “कोण बोलतंय ते बाद में बघू, बेटा. आधी कसं बोलतंय ते बघू.” तोवरच्या आयुष्यात मला कोणी इतकं गंभीरपणे काम सांगितलं नव्हतं, कॉलेजच्या सरांनीही नाही. मी तिथेच त्या कामात पडले ती पडलेच.

काम असं होतं. सेटला दोन हेडफोन लावायचे, एक त्यांचा, एक माझा. पाय हलवून ठेका धरायचा, सेकंदाला दोन. प्रत्येक ठेक्याला ग्राफपेपरवरचं एक घर. सूर असेल तर घर काळं करायचं, नसेल तर कोरं सोडायचं. दोघांनी आपापला कागद लिहायचा आणि एकमेकांच्या कागदात बघायचं नाही. सव्वाचारला बाबा गच्चीवर जाऊन तार सोडून यायचे, कारण वीज-बीज पडली तर सेट जायचा, ही त्यांना कायम धास्ती. मग चहा. चहानंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून मिळवायचे. फरक निघाला त्या घराला लाल गोल. आणि लाल गोलाचा निकाल कसा लावायचा? बाबांच्या खात्यात नियम होता, सीनियरची कॉपी ती कॉपी. ज्युनियरनं वाद घालायचा नाही, सीनियरचं जे आहे ते पक्कं धरायचं आणि खाली सही करायची. ते वाद घालत बसले असते तर तार वेळेवर गेली नसती, म्हणून तो नियम. आमच्याकडे कुठली तार जायची होती? पण नियम तसाच सुदामा नगरात आला, आणि मला तो बरोबरच वाटला. बाबांच्या कानाला आमच्या खानदानात कोणी आव्हान दिलेलं नव्हतं. मी काय देणार?

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं की मधल्या कोऱ्या जागेत मला एक बारीक शिट्टी ऐकू येते, ती लिहायची का. बाबांनी मला फार छान समजावून सांगितलं. म्हणाले, सिग्नल असतो तोवर सेट दबून असतो. सिग्नल थांबला की तो मोकळा होतो, आपली ताकद वाढवतो, आणि मग त्याच्या पोटातली घरघर, शिट्टी, सगळं वर येतं. ती सेटची शिट्टी. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. एवढं सयुक्तिक सांगितल्यावर कोण लक्ष देईल? मी ती शिट्टी ऐकायची नाही असं ठरवलं, आणि खरं सांगते, महिन्याभरात मला ती ऐकू यायची बंद झाली. म्हणजे कानात यायची, पण मनात पोचायची नाही. आजही मला याची भीती वाटते, की माणूस हे इतक्या सहज शिकतो.

आता माझी मुलगी बंगलोरहून येते तेव्हा तिच्या लॅपटॉपवर अंगठ्याएवढं यंत्र लावून मला शॉर्टवेव्ह दाखवते. दाखवते, ऐकवत नाही. पडद्यावर वरून खाली रंग ओघळत येतात आणि असा सिग्नल असला की त्यात सरळ उभ्या रेघा उमटतात, जितके सूर तितक्या रेघा. दुसरीतली पोर सांगेल किती आहेत ते. आम्हाला ही सोय असती तर आमचं सगळं काम पाच मिनिटांत झालं असतं आणि हे प्रकरण मला लिहायला मिळालं नसतं. डिजिटल हा शब्द तेव्हा आम्हाला फक्त घड्याळापुरता माहीत होता.

चार महिने आम्ही लिहिलं. ग्राफपेपरची चळत आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी चढत गेली. पण निष्पन्न काही होत नव्हतं. बाबा म्हणायचे, ज्याला काही सांगायचं असतं तो शिस्तीनं सांगतो, शिस्त शोधा. आम्ही काळ्या-कोऱ्या घरांच्या लांब्या मोजल्या, कागद आडवे लावले, उभे लावले, नाहीच. कुठे तीन काळी, मग अकरा कोरी, मग एक काळं, मग दोन कोरी. कधी वाटायचं सापडलं आणि पुढच्या कागदावर सगळं मोडायचं. संध्याकाळी आई पोहे करायची, वर जिरावन मसाला आणि शेव, तर बाबा चमचा हातात धरून नुसते कागदाकडे बघत बसायचे आणि पोह्यांचा दगड व्हायचा. आई म्हणायची, त्याला शिस्त नाही पण माझ्या पोह्यांना आहे, गरम खायचे असतात.

याच वेळी एक गोष्ट ठरली. शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांची एक मंडळी होती, दर महिन्याला एका रविवारी सकाळी पलासियातल्या एका टायपिंग क्लासच्या हॉलमध्ये जमायची. त्यात इंजिनीयर होते, प्रोफेसर होते, बाबांच्या खात्यातले त्यांचे जुने ज्युनियर होते. त्यांना या सिग्नलची बातमी लागली आणि त्यांनी बाबांना बोलावलं, येऊन सांगा. बाबांना रिटायर झाल्यापासून कोणी कुठे बोलावलं नव्हतं. त्यांनी सुरेख अक्षरात हिंदीत निबंध लिहायला घेतला. पहिल्या पानावर मथळ्याखाली पहिलंच वाक्य होतं की हा एकाच स्वराचा, तुटक सिग्नल आहे. कोटाला इस्त्री करून आणली. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की इतके खूश मी यांना तुझ्या जन्मानंतर आत्ता बघतेय. हे तिनं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

हॉलमध्ये सिग्नल वाजवून दाखवायचा तर तो टेप करायला हवा. आमच्या मागच्या गल्लीत सुलभाताई गाणं शिकवायच्या, त्यांच्याकडे जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, दोन वेगांचा. हळू वेगावर लावला की तान निम्म्या चालीनं यायची आणि मुलींना तिची घरं मोजता यायची. पंधरा दिवसांसाठी देते म्हणाल्या, आणि स्वतःच रिक्षात मांडीवर घेऊन आल्या, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची त्यांची छाती होईना. चारला आम्ही हेडफोन काढून सेट मोठ्यानं लावला आणि टेप चालू केला. सुलभाताई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. बारा मिनिटं झाली, सिग्नल संपला, बाबा तार सोडायला गच्चीवर गेले. सुलभाताई म्हणाल्या, दोन सूर छान आहेत, खालच्याला सा म्हटलं तर वरचा थेट तार सप्तकातला पंचम लागतोय. मी हसून त्यांना बाबांचंच शास्त्र ऐकवलं, की वरचा तो सूर नाही, सिग्नल थांबला की वाजते ती सेटची शिट्टी आहे.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “आता तर सिग्नल थांबलाय ना? मग आता का नाही वाजत ती?”

मी सेटकडे बघितलं. सेट चालू होता, तार अजून लागलेली होती, स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. शिट्टी नव्हती. चार महिने रोज बारा मिनिटांनी सिग्नल संपत होता आणि रोज त्याच्याबरोबर ती शिट्टीही संपत होती, आणि मी, सायन्सची विद्यार्थिनी, एकदाही स्वतःला हे विचारलं नव्हतं. मला अशी काही लाज वाटली की कानशिलं तापली. तेवढ्यात बाबा जिन्यावरून खाली आले आणि चहा टाका म्हणाले. मी चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेले तेव्हा मी टेप लावून नवा कागद घेतला. खालच्या सुराला काळं घर, वरच्याला फुली, आणि खरंच काही वाजत नसेल तिथेच फक्त कोरं. कोरी घरं मोठ्या अंतरानं, तीन-तीनच्या गटानं येत होती, आणि दोन गटांच्या मध्ये बरोबर चाळीस घरं होती. दर वेळी चाळीस. कागदाच्या पट्ट्या कापून एकाखाली एक लावल्या तर तेहतीस ओळी झाल्या, चिंध्यांच्या नाही, कापडाच्या. प्रत्येक ओळीची पहिली आठ घरं एकसारखी, म्हणजे बोलणारा दर ओळीआधी खाकरून घेत होता म्हणा ना. आणि मग मी प्रत्येक ओळीतली काळी घरं मोजली. सोळा, बावीस, अठरा, चोवीस, सगळी सम. फक्त दोन ओळींत विषम आली. त्या दोन मी टेप हळू लावून पुन्हा ऐकल्या, तर दोन्ही ठिकाणी माझीच चूक होती, एक-एक घर मी चुकवलं होतं. म्हणजे बघा, पाठवणारा प्रत्येक ओळीत मुद्दाम एक घर असं घालत होता, की ऐकणाऱ्याचं चुकलं तर ऐकणाऱ्याला ते कळावं. तो कोण, कुठला, हिंदू की मुसलमान की कम्युनिस्ट, मला काही मालूम नव्हतं, पण त्यानं माझी चूक पकडून दिली होती. मी त्या मधल्या खोलीत एकटी उभी राहून हसत होते.

हसू टिकलं नाही, कारण पुढचं गणित सोपं होतं. सूर दोन आहेत. मला ऐकू येतात, सुलभाताईंना येतात. बाबांना वरचा येत नाही. बाबा डायल नेहमी अशा बेतानं लावायचे की खालचा सूर त्यांच्या जन्मभराच्या सवयीच्या पट्टीत बसावा. मग वरचा तिथून इतका वर जायचा की त्यांच्या कानाच्या बाहेर पडायचा. आणि आठ दिवसांनी ते सगळ्या शहरातल्या जाणकारांसमोर एक स्वर म्हणणार होते आणि लगेच टेप लावणार होते. हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही दोन ऐकू आले असते.

मी आईकडे गेले. ती गवार मोडत होती. मी सांगितलं तर तिनं मान वर केली नाही. म्हणाली, दोन वर्षं झाली. कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू येत नाहीत, म्हणून ती भात लावून कधी शेजारी जात नाही. दारावरची चिमणीची बेल वाजली की तीच आधी उठते. बाबा अंगणात बसून म्हणायचे, इंदूरात चिमण्या राहिल्या नाहीत, आणि ती हो म्हणायची, आणि चिमण्या समोरच्या जाळीत चिवचिवत असायच्या. मी तिच्यावर चिडले. इतके दिवस सांगितलं का नाहीस, डॉक्टरकडे का नाही नेलंस. ती म्हणाली, “त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? कानच तर आहेत.” मग गवारीची परात उचलता उचलता म्हणाली, “सांगायचं तर तूच सांग. पण त्या लोकांसमोर नको, घरात सांग.”

आठातले सहा दिवस मी धीर गोळा करण्यात घालवले. रोज चारला शेजारी बसायची, काळं-कोरं लिहायची, जुन्या पद्धतीनंच, आणि खाली सही करायची. शुक्रवारी सव्वाचारला मी म्हटलं, बाबा, रविवारच्या आधी टेप एकदा तपासून घेऊ. ते बसले. मी टेप नेहमीच्या वेगावर लावला. त्यांचा पाय ठेक्यात हलत होता, चेहऱ्यावर समाधान होतं. मी हात पुढे करून वेगाची कळ खाली केली. सगळं अर्ध्या चालीनं, जाड, खर्जातलं झालं. आणि बाबांचा पाय थांबला.

त्यांनी कळ वर केली. ऐकलं. खाली केली. ऐकलं. पुन्हा वर. अर्ध्या वेगावर वरचा सूर खाली उतरून त्यांच्या कानाच्या टप्प्यात येत होता, वेग वाढवला की हातातून निसटत होता. दहादा तरी केलं असेल त्यांनी. इतकी वर्षं कान वापरलेला माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही. मी बाजूला उभी राहून आपलं रडू दाबत होते, आणि मला स्वतःचाच राग येत होता की हे मी यांच्याशी का केलं.

शेवटी टेप बंद करून त्यांनी विचारलं, “तुला हा कधीपासून ऐकू येतो?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग लिहिला का नाहीस?”

“तुम्हीच म्हणालात, सेटची शिट्टी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते कानावरून कोसळतील. कान त्यांनी बाजूलाच ठेवला. “मी म्हणालो म्हणून?” ते म्हणाले. “मी म्हणालो म्हणून ऐकलेलं सोडून दिलंस तू?” आणि मग मला जन्मात पडली नसतील अशी बोलणी पडली. मी कसली ऑपरेटर, ऑपरेटर कानात येईल ते लिहितो, सीनियर चुकीचा असेल, सेट बिघडलेला असेल, ते बाद की बात. पण कागदावर कान उतरतो, हुकूम नाही उतरत. मी म्हटलं, नियम तुमचाच होता. तर म्हणाले, हो, माझाच होता, आणि उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. आईनं केलेलं वरण-भात-शेवेचं ताट तसंच झाकून राहिलं. शनिवारी माझे नवे कागद मागून घेतले, दिवसभर मधल्या खोलीत दार लावून बसले, आणि चार वाजता हेडफोन लावायला बाहेर आले नाहीत. मी एकटीनं लिहिलं, दोन्ही सूर. उद्या जाणार आहात का, हे विचारायची ना मला हिंमत झाली ना आईला.

इथे थोडं पुढचं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. तो सिग्नल आणखी दीड वर्ष आला आणि एका सोमवारी आला नाही. कोणाचा होता, काय सांगत होता, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मुलीनं इंटरनेटवर शोधलं, जगभरचे लोक असल्या सिग्नलांच्या मागे लागलेले आहेत, त्यांची ओळींची गणितं बघून मला माझ्या माहेरचं कोणी भेटल्यासारखं होतं. पण आमचा त्यात नाही. बाबांनी पुढे कानाला यंत्र लावलं. त्याला शिव्या घालायचे, ताटं आपटली की डोकं उठतं म्हणायचे. पण पहिल्या सकाळी अंगणात बसून आईला म्हणाले, अगं, या एवढ्या चिमण्या कुठून आल्या? आई म्हणाली, देपालपूरहून.

रविवारी सकाळी बाबा कोट घालून तयार होते. निबंधाची तीच फाइल काखेत. मला म्हणाले, चल, टेप तू सांभाळ. रिक्षात टेपरेकॉर्डर मी मांडीवर घेतला. हॉलमध्ये टाइपरायटरं भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, तीसेक माणसं असतील, सगळे पुरुष, पुढच्या रांगेत बाबांचे दोन जुने ज्युनियर, जे त्यांना पाहून उभे राहिले. बाबांनी फाइल उघडली. मला तिथून पहिलं पान दिसत होतं, तेच सुरेख अक्षर, तेच पहिलं वाक्य. त्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात वाचलं, की यह एक ही स्वर का, खंडित सिग्नल है. मग चष्मा काढला.

“चार महीने तक मैं यही मानता रहा,” ते म्हणाले. “यह गलत है. स्वर दो हैं. ऊपर वाला मुझे सुनाई नहीं देता. मेरे कान गए हैं, मुझे परसों पता चला.”

जुन्या ज्युनियरांपैकी एकानं मान खाली घातली. बाबांनी मला टेप लावायची खूण केली, आधी पूर्ण वेगावर, मग अर्ध्या. मग त्यांनी फळ्यावर चाळीस घरांची एक ओळ काढली आणि सम संख्येचं सगळं गणित असं सोपं करून सांगितलं की मलाही ते नव्यानं समजलं. चुकीच्या वाचनानं चार महिने कसे वाया गेले तेही सांगितलं, कोणावर न ढकलता. लोक वहीत उतरवून घेत होते. माझा जीव हळूहळू जागेवर येत होता.

शेवटी मागच्या रांगेतले एक इंजिनीयर उठले, जाडसर, हसतमुख, कॉलेजात शिकवणारे. वाईट मनाचे नव्हते, पण प्रश्न नेमका होता. म्हणाले, साहब, एक स्वर आपसे छूट गया था. इससे भी ऊपर कोई तीसरा हो तो? आप कैसे कह सकते हैं?

“मैं नहीं कह सकता,” बाबा म्हणाले, आणि खडू टेबलावर ठेवून माझ्याकडे हात केला. “इससे पूछिए. सुनने वाली यह है.”

तीस डोकी माझ्याकडे वळली. मी उठले. तीसरा नहीं है, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, पक्का? इतने यकीन से कैसे?

“होता,” मी म्हणाले, “तो मैंने लिखा होता.”